अव्वल आला आणि बंद पडला

खेळांची जुनी आकडेवारी तपासून परदेशी क्लायंटना द्यायची, हे हिंजवडीतल्या आमच्या टीमचं काम. ऐकायला झकास वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर तक्ते, तारखा आणि तीनदा वेगवेगळी लिहिलेली एकाच खेळाडूची नावं. तपासणीचे काही नियम आम्हीच बसवलेत. त्यातला एक असा, की लीगमध्ये पहिला आलेला संघ पुढच्या मोसमाच्या यादीत दिसलाच पाहिजे. नाही दिसला, तर ती ओळ लाल होते. हा नियम कधी ओरडलेला मला आठवत नाही. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरचा, म्हणजे एमएलएस या तिथल्या फुटबॉल लीगचा, डेटा चढवला त्या दिवशी तो ओरडला. मायामी फ्यूजन. २००१ मध्ये अव्वल, २००२ मध्ये नावच नाही.

माझ्या शेजारी बसणारा नवा मुलगा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. तो म्हणाला, "मॅडम, नाव बदललं आसंल. नाहीतर स्पेलिंगचा घोळ." मी म्हटलं, संघ बंद झाला. तो खुर्ची वळवून माझ्याकडे बघत राहिला. "पयला आलेला संघ? तालीम काय अशी बंद पडती व्हय?"

त्याचं चुकत नव्हतं. कोल्हापुरात फुटबॉलचा संघ तालमीचा असतो आणि तालीम पेठेची. हरला तर शिव्या खातो, जिंकला तर गुलाल, पण पेठ आहे तोवर संघ आहे. अमेरिकेत हिशोबच निराळा. एमएलएसमध्ये खालच्या लीगमध्ये घसरणं नाही, वर चढणं नाही. सगळ्या संघांची मालकी मुळात लीगची. पैसेवाला माणूस लीगमध्ये भागीदार होतो आणि एखादा संघ चालवायला घेतो. केन होरोविट्झ यांनी दोन कोटी डॉलर मोजून फ्यूजन घेतला. मायामीतल्या ऑरेंज बोल स्टेडियमच्या भाड्याचं जमेना, म्हणून संघ उत्तरेला फोर्ट लॉडरडेलमध्ये गेला, लॉकहार्ट नावाच्या लहानशा स्टेडियमवर. शाळांचे सामने होत तिथे. म्हणजे नाव मायामीचं आणि घर दुसऱ्याच गावात. १९९८ मध्ये खेळायला सुरुवात झाली तेव्हा लोक खेचायला कोलंबियाचा व्हाल्देरामा होता, तो सोनेरी केसांच्या पिसाऱ्याचा. वर्षभरातच तो टँपाच्या आपल्या जुन्या संघात परतला आणि संघ रडतखडत चालू राहिला.

मग २००० मध्ये रे हडसन प्रशिक्षक झाला. आपल्याकडच्या मेस्सीवेड्या पोरांना हा आवाज नक्की माहीत असेल. बार्सिलोनाच्या गोलांवर बेभान होऊन ओरडणारा इंग्रज समालोचक, तोच हा. तरुणपणी तो याच लॉकहार्टवर फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्सकडून खेळलेला. २००१ मध्ये त्याचा फ्यूजन सुटलाच. होंडुरासच्या अलेक्स पिनेडा चाकोनचे १९ गोल, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताबही त्यालाच. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर उरलेले साखळी सामने रद्द झाले, त्यामुळे तक्त्यात कुणाचे २६ सामने दिसतात तर कुणाचे २७. शिकागो फायरचे २७ सामन्यांत ५३ गुण, फ्यूजनचे २६ सामन्यांतच ५३. साखळीतल्या अव्वल संघाला मिळणारी सपोर्टर्स शील्ड फ्यूजनकडे गेली. उपांत्य फेरीत सॅन होजेनं तिसऱ्या सामन्यात गोल्डन गोलवर, म्हणजे जादा वेळेतल्या पहिल्याच गोलवर, त्यांना बाहेर काढलं. प्रेक्षकही वाढले होते, सरासरी ११ हजारांच्या पुढे. तरी ८ जानेवारी २००२ ला लीगनं फ्यूजन आणि टँपा बे म्युटिनी हे दोन्ही संघ बंद केले. लीगच तोट्यात होती, मोजकेच गुंतवणूकदार निम्म्याहून जास्त संघ ओढत होते आणि फ्लोरिडात आणखी पैसा ओतायला कुणी तयार नव्हतं. खेळाडू ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीनं निवडून, इतर संघांत वाटले गेले.

इथवर ठीक होतं. ओळ लाल का, हे क्लायंटला कळवलं आणि पंचाईत तिथून सुरू झाली. उत्तर आलं, फ्यूजन मायामीच्या आत्ताच्या संघाला, इंटर मायामीला जोडा. गाव तेच, जागाही तीच. जागेपुरतं बरोबर आहे. लॉकहार्ट २०१९ मध्ये पाडलं, तिथेच नवं स्टेडियम उभं राहिलं आणि २०२३ मध्ये मेस्सी आला तो तिथेच खेळला. जोडणी केली असती तर मेस्सीच्या संघाच्या पानावर २००१ ची शील्ड झळकली असती. क्लायंटला ते दिसायला छान वाटत असणार, दुसरं काय.

त्यांनी दाखलाही दिला. सॅन होजेचा संघ २००५ नंतर ह्यूस्टनला गेला, २००८ मध्ये सॅन होजेत नवा संघ आला, तरी २००१ आणि २००३ चे चषक आम्ही नव्या सॅन होजेच्याच नावावर ठेवलेत. मग मायामीला वेगळा न्याय का?

खरं सांगायचं तर हा मुद्दा वाचून मी क्षणभर गप्प झाले. पण सॅन होजेच्या बाबतीत नाव, रंग आणि विक्रम त्या शहरासाठी राखून ठेवायचे, हे लीगनंच ठरवलं होतं. फ्यूजनसाठी तसं काहीच केलं नाही. आणि दुसरं म्हणजे इंटर मायामीनं २०२४ मध्ये ७४ गुणांचा विक्रम करून सपोर्टर्स शील्ड जिंकली, ती क्लबची पहिली म्हणून मोजली जाते. ज्यांच्या कपाटात ही शील्ड आपण घुसडणार, तेच ती आपली म्हणत नसतील, तर आपण कोण? एवढंच लिहून पाठवलं.

तेवढ्या वेळात कोल्हापूरकरानं खेळाडूंचा तक्ता उघडला होता. काइल बेकरमन हा अगदी पोरसवदा वयात फ्यूजनमध्ये आला आणि लीगमध्ये २०२० पर्यंत खेळत राहिला. इंटर मायामीचा पहिला मोसम तोच. "म्हंजे संघ गेला आणि माणूस वीस वर्षं ऱ्हायला," तो म्हणाला आणि त्याच खुशीत चहाला गेला.

क्लायंटनं मान्य केलं. फ्यूजनच्या नोंदीत शेवटची तारीख पडली, पुढचा संघ हा रकाना रिकामा. शोधताना मायामी टाकलं तर दोन्ही संघ दिसावेत, एवढी त्यांची मागणी राहिली. ती रास्तच होती.

मला मात्र टँपा खुपत होतं. त्याच दिवशी बंद झालेला संघ, पण १४ गुणांवर तळाशी, म्हणून आमच्या नियमाला त्याची दखलच नाही. म्हणून नियम सगळ्या संघांना लावला. मग सत्तरच्या दशकातली नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग चढवली आणि पडदा लालेलाल झाला. टीम हवाई, लास व्हेगस क्विकसिल्व्हर्स, दोन्ही १९७७ चा एकच मोसम खेळलेले, आणि त्यांच्या खाली यादी सरकतच राहिली. आमची लीड मागे येऊन उभी राहिली, यादी पाहिली आणि म्हणाली, "हे दिवाळीच्या आत होईल का, ते आधी सांग."