मागचाच घ्या, फक्त आकडे बदला

पतसंस्थांचे वार्षिक अहवाल करणाऱ्या बाईनं ऑगस्ट-सप्टेंबरात लॅपटॉप बदलू नये. ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा उरकायची असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत निफाड-दिंडोरीकडचे मॅनेजर दिवसातून तीनदा फोन करतात आणि सगळ्यांचं वाक्य एकच असतं, "ताई, मागचाच घ्या, फक्त आकडे बदला." म्हणून चौकशी पावसाळाभर केली आणि खरेदी दसऱ्यावर ढकलली.

बदलायचं कारण मात्र टळणारं नव्हतं. जुन्या लॅपटॉपची उजवी बिजागरी एम-सीलवर उभी होती. ते चाललं असतं, पण आत इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह आणि वर विंडोज १०. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवायचं आधीच जाहीर केलं होतं, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली, एखाददुसरा अपवाद सोडला, तर घेतच नाही. मशीन तपासणारं ते छोटं ॲप चालवून पाहिलं. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आहे, मेमरी पुरेशी आहे, प्रोसेसर चालणार नाही. झालं.

भाचा पुण्यात आयटीत आहे. त्याचं मत फोन उचलायच्या आधीच तयार होतं. "मावशी, मॅक घे आणि मोकळी हो." मी म्हटलं, "मोकळी झाले तर खाऊ काय?" तीस वर्षांखालच्या माणसाला हे सांगूनही कळत नाही की माझं निम्मं काम नव्या मशीनमध्ये नाही, जुन्या फायलींत आहे.

ज्यांनी मराठी डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं काम, केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. युनिकोड, म्हणजे देवनागरी अक्षरांना संगणकात स्वतःचे ठरलेले क्रमांक, रुळायच्या आधी आम्ही श्रीलिपी, आयएसएम असल्या पॅकेजांवर टाइप करायचो. त्यात पडद्यावर दिसतं मराठी, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच असतात, फाँट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा चेहरा चढवतो. श्रीलिपीत टाइप केलेला 'भारत' फाँट नसलेल्या मशीनवर उघडा, एक टोपीचं चिन्ह आणि पुढे एम, ए, व्ही दिसेल. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता आणि त्या फाँटांनी महाराष्ट्रभरच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, निवडणुकीची पत्रकं छापून दिली. माझ्याकडचे जुने अहवाल असेच आहेत, त्यातले कित्येक पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्राममध्ये. पेजमेकर ७ आलं २००१ साली, त्यानंतर मोठी आवृत्ती आलीच नाही. त्याच्या फायली त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडायच्या, आताचं इनडिझाइन ओळखही दाखवत नाही.

आणि या सगळ्यावर बसलेला डोंगल. करंगळीएवढा, यूएसबीत खोचायचा. तो नसेल तर पॅकेज उघडत नाही. त्याला स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजशी त्याची ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, लागतो, आणि माझी सगळी चौकशी शेवटी त्या ड्रायव्हरशी येऊन थांबायला लागली.

इथं नाशकातच कॅनडा कॉर्नरला एका दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलानं सवयीनं विचारलं, "मॅडम, बजेट किती, गेमिंग करणार का?" मी पर्समधून डोंगल काढून काचेवर ठेवला. त्यानं तो उलटसुलट केला आणि आतल्या खोलीतून मालकांना बोलावलं. मालक माझ्या वयाचे, त्यांनी बघितल्याबरोबर ओळखलं. म्हणाले, "ताई, विंडोज ११ वर हा चालेलच असं मी लिहून देणार नाही. त्यात मेमरी इंटिग्रिटी म्हणून एक कुलूप असतं, ते चालू असलं की असले जुने ड्रायव्हर आत शिरू देत नाही. ते बंद करून चालवतात लोक, पण मग नवं घेऊन काय मिळवलं?" स्वतःच्या गिऱ्हाइकाला इतकं खरं सांगणारा दुकानदार मिळाला तर त्याच्याकडूनच केबल-पेनड्राइव्ह घ्यावेत, असं माझं मत आहे. मी घेतले.

त्यांनीच स्नॅपड्रॅगन चिपचे नवे विंडोज लॅपटॉपही दाखवले. बॅटरी छान, वजन हलकं. पण ती एआरएम जातीची चिप, इंटेलसाठी लिहिलेलं तिला थेट कळत नाही. साध्या प्रोग्रामांचं भाषांतर करून विंडोज ते चालवून घेतं, ड्रायव्हरचं मात्र भाषांतर होत नाही, तो एआरएमसाठीच बनवलेला हवा. माझ्या डोंगलचा तसा ड्रायव्हर नाही. मॅकमध्ये पॅरलल्स टाकून विंडोज चालवता येतं असं भाचा सांगत होता, तिथंही तेच. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर एआरएमचंच विंडोज चालतं. म्हणजे डोंगल फिरून पुन्हा दाराबाहेर.

हे ऐकून मी खट्टू व्हायला हवं होतं. उलट रिक्षात बसता बसता डोकं एकदम साफ झालं. डोंगल कुठल्याच नव्या मशीनवर भरवशानं चालणार नसेल, तर तो जुन्या लॅपटॉपमध्येच राहणार. जुना लॅपटॉप घरातच राहणार. मग नव्यानं जुन्या फायली उघडल्या पाहिजेत ही अटच उरत नाही. पावसाळाभर मी विंडोजला धरून बसले होते ते केवळ त्या करंगळीएवढ्या वस्तूसाठी. आता विंडोज, मॅक, लिनक्स, काहीही चालणार होतं, फक्त नवं काम नीट झालं पाहिजे.

लिनक्स पहिल्याच फेरीत गळालं. एका ओळखीच्या मास्तरांकडे जुन्या थिंकपॅड लॅपटॉपवर मिंट नावाचं लिनक्स आहे, मराठी टायपिंग त्यावर झकास होतं आणि पानं मांडायचं फुकटचं स्क्राइबसही आता जोडाक्षरं नीट मांडतं. पण इनडिझाइन लिनक्सवर नाही, आणि माझी पुस्तकं इनडिझाइनमध्ये होतात. राहिले दोन. साठ हजारांच्या आसपासचा विंडोज ११ चा लॅपटॉप, नाहीतर तेव्हा ९९,९०० ला मिळणारा एम४ चिपचा मॅकबुक एअर.

चाळीस हजारांचा फरक आहे. तो मनातून जात नाही. त्यात शेजारच्या काकूंनी सांगितलं की २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी झालाय, लॅपटॉपही उतरले असतील. उतरले नाहीत. मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले, लॅपटॉप आधीपासूनच १८ वर होते.

मॅककडे मला ओढलं ते पडद्यानं. १३.६ इंचांत २५६० बाय १६६४ ठिपके. जाहिरातीत हा नुसता आकडा वाटतो. प्रूफ वाचणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा कळतो: दहा पॉइंटाच्या मजकुरात 'र्कीं' मधला रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांत न मिसळता दिसतात. साठ हजारांतल्या ज्या पडद्यांवर मी तीच पीडीएफ उघडून पाहिली, तिथं रफाराचा आणि अनुस्वाराचा मिळून एक डाग होत होता. दिवसाचे आठ तास मी त्या डागांकडे बघणार असेन तर चाळीस हजार वसूल आहेत. चष्म्याचा नंबर फुकट वाढत नाही.

कळफलकाची भीती होती. मी इनस्क्रिप्टवाली आहे, फोनेटिकमध्ये 'ज्ञ' साठी काय दाबायचं हे मला आजही आठवत नाही. कॉलेज रोडच्या दुकानात मांडून ठेवलेल्या मॅकवर, विक्रेत्याला विचारून, मराठी इनपुट जोडून घेतला. इनस्क्रिप्ट हा भारतीय मानकातला लेआउट आहे, त्यामुळे अक्षरं जिथल्या तिथं निघाली. एलवर त, शिफ्ट-जेवर ऱ, डीवर हलंत, यूवर ह, ईवर काना: 'तऱ्हा'. मग 'दऱ्याखोऱ्या', 'वाऱ्यावर', 'कुऱ्हाड'. मराठीतला हा आडवा र ज्या यंत्रावर नीट उमटत नाही त्याच्यावर मी पैसे घालत नाही. विक्रेता मुलगा बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, इथं सगळे फोटो बूथ उघडतात."

हात अडले ते दुसरीकडेच. कॉपी-पेस्टला विंडोजवर करंगळी कंट्रोलवर जाते, इथं अंगठा कमांडवर. पुढचं अक्षर खोडायची डिलीट की नाहीच, फंक्शन धरून डिलीट दाबायचं. होम-एंड नाहीत, कमांड आणि बाण. प्रूफ दुरुस्त करताना याच कळा सगळ्यांत जास्त लागतात, त्यामुळे पहिले काही दिवस मी स्वतःशीच पुटपुटत होते. भाषा बदलायला कंट्रोल-स्पेस, हे मात्र लगेच बसलं.

इनडिझाइनचं वर्गणीचं खातं तेच चाललं, विंडोजवर घेतलेलं मॅकवरही उघडतं. नवी फाइल करताना परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर, म्हणजे आपल्या लिपीची जुळणी कळणारा पर्याय, निवडायचा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षरापुढे जाऊन बसते. हे दोन्हीकडे सारखंच आहे. तसंच मजकुराची भाषा मराठी ठेवायची, म्हणजे ज्या फाँटात सोय आहे त्यात ल आणि श आपले मराठी वळणाचे येतात. राज्य सरकारचा २००९ चा वर्णमालेचा निर्णय पाठ असलेले एक निवृत्त मुख्याध्यापक माझे गिऱ्हाईक आहेत, त्यांना हिंदी वळणाचा ल दिसला की पान परत येतं.

कोरेलचं, म्हणजे ज्याच्या फायलींना सीडीआर म्हणतात त्या कोरेलड्रॉचं, मात्र जमलं नाही. माझा परवाना विंडोजचा, मॅकचं कोरेल वेगळं विकत घ्यावं लागतं. ते मी घेतलेलं नाही. घरातल्यांच्या हिशेबाची टॅलीही मॅकवर थेट चालत नाही, तीही जुन्यावरच राहिली. तशीही मी तिला हात लावत नाही.

फायली हलवताना एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. विंडोजवर वापरलेली बाहेरची डिस्क बहुतेक एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेली असते. मॅक ती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. दोन्ही मशीन चालू ठेवायची असतील तर एक डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून मधल्या ये-जा साठी ठेवावी. पण आतलं सगळं दुसरीकडे उतरवल्यावरच, कारण फॉरमॅट केलं की डिस्क कोरी होते. यूएसबी पोर्ट दोनच आणि दोन्ही सी जातीचे, तेव्हा ॲडॉप्टरचा खर्च धरा. साठा नंतर वाढवता येत नाही. मी २५६ जीबीचाच घेतला, कारण ५१२ साठी आणखी वीस हजार मागत होते आणि तेवढ्यात चांगली बाहेरची डिस्क येऊन पैसे उरतात. ॲपलचं स्वतःचं दुकान नाशकात नाही, जवळचं म्हणजे मुंबईत किंवा पुण्यात. मी इथल्याच अधिकृत विक्रेत्याकडून घेतला. बिघडलं तर कसारा घाट उतरायची माझी तयारी नाही.

जुना लॅपटॉप आता कपाटाशेजारच्या टेबलावर असतो, वायफाय बंद, डोंगल कायम खोचलेला. अहवालाचा जुना मजकूर तिथं उघडते, कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणते आणि एक्सफॅटच्या डिस्कवरून मॅकवर. कन्व्हर्टर रफार आणि 'ऱ्य' हमखास चुकवतो, म्हणून रूपांतर झालेलं पान मुळाशी ताडून बघावंच लागतं. संचालक मंडळाच्या यादीत एका आडनावाचा रफार हलला तर सभेत त्यावर वीस मिनिटं जातात. एकेक संस्था अशी नव्यावर येतेय. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी खरोखर आकडेच बदलायचे राहतील.

पंचवटीतल्या प्रेसवाल्या दादांना हे सगळं समजावून झालं. त्यांना आता फाँट आत बसवलेली छपाईची पीडीएफ पाठवते, त्यात हलण्यासारखं काही नसतं, प्लेटही तिच्यावरून नीट निघते. ते पीडीएफ उघडतात, छापतात, बिलही वेळेवर पाठवतात. आणि पुढच्या कामाला फोन करून विचारतात, "ताई, सीडीआर नाही का?"