चार वर्षांचं अनुदान, एका वर्षाचं उत्पन्न

सगळा पैसा वाटून ठरवून बंद होणाऱ्या आमच्यासारख्या देणगीदार फाउंडेशनला शेवटच्या वर्षी फक्त चेक फाडायचे असतात, असा बाहेर समज आहे. खरं तर त्याआधी स्वतःच्या निरवानिरवीचे पैसे बाजूला काढावे लागतात : अखेरचं ऑडिट, वकील, कागदपत्रांची साठवण, माणसांनी मध्येच सोडून जाऊ नये म्हणून कबूल केलेली रक्कम. अटलांटिक फिलान्थ्रॉपीज या अशाच ठरवून बंद झालेल्या फाउंडेशनने शेवटची अनुदानं २०१६ साली मंजूर केली आणि कुलूप लावलं २०२० मध्ये. आम्हाला एवढी सवड नव्हती.

म्हणून एका संस्थेला चार वर्षांचं अनुदान एकरकमी देऊ केलं. अर्ज नाही, अहवाल नाही, पैसा हवा तिथे वापरा. त्या संस्थेच्या संचालिकाबाई म्हणाल्या, "असं नका देऊ." आमच्या विश्वस्तांना हा नखराच वाटला. ताळेबंद वाचायचा कंटाळा असलेल्यांना असं बरंच काही वाटतं.

अमेरिकी हिशेबपद्धतीत विनाअट अनुदान कबूल झालं त्याच वर्षी सगळं उत्पन्नात धरतात. हप्ते पाडले तरी. समजा, संस्थेचा वर्षाचा खर्च १० लाख डॉलर, दरवर्षीच्या इतर देणग्या ७ लाख, आमचे चार वर्षांचे मिळून १२ लाख. पहिल्या वर्षी ९ लाख शिल्लक, पुढची तिन्ही वर्षं ३-३ लाख तूट. आधी इतर देणगीदार म्हणणार, यांच्याकडे रग्गड आहे. मग म्हणणार, ही तर तोट्यातली संस्था. दोन्ही वेळा हात आखडता.

बाईंचा तोडगा साधा होता. पत्रात लिहा : दरवर्षी ३ लाख, त्या-त्या वर्षासाठी. मग उरलेले ९ लाख देणगीदाराच्या बंधनातल्या वेगळ्या रकान्यात बसतात, वर्ष उलटेल तसे ३-३ लाख मोकळे होतात आणि मोकळ्या रकान्यात दरवर्षी १० लाखांना १० लाख जुळतात. विश्वासाने द्यायच्या पैशाला आम्ही बंधन घालायचं, तेही घेणाऱ्याच्या आग्रहाखातर!

अडचण पुढेच होती. दुसऱ्या वर्षी संकट आलं तर बंधन उठवणार कोण? तोवर आम्ही नसणार. "संस्थेच्या मंडळाला वाटल्यास उठवावं" असं मी लिहिलं, तर ऑडिटर म्हणाले, मग ते देणगीदाराचं बंधनच उरत नाही. शेवटी मोजता येईल अशी घटना घातली : इतर देणग्या वर्षभरात एक चतुर्थांशाने घटल्या, तर पुढच्या वर्षाचा वाटा आधी खुला.

एक चतुर्थांश हा आकडा बाईंचा. विश्वस्तांना तृतीयांश हवा होता, का ते कुणालाच सांगता आलं नाही. बाईंचाच ठेवला, पण भाड्याची जागा अचानक सोडावी लागली तर त्या कलमाचा काडीचा उपयोग नाही, आणि त्यासाठी ऑडिटर मान्य करतील असं वाक्य मला अजून जुळवता आलेलं नाही.