अलास्का क्रूझ: जेवण ठरलेल्या वेळी की हवं तेव्हा?

अलास्का क्रूझचं बुकिंग करताना आमच्या घरात आठवडाभर चर्चा चालली ती बाल्कनीच्या खोलीवर. जेवणाच्या वेळेचा रकाना आला तेव्हा मी फारसा विचार न करता एजंटने दिला तो पर्याय घेतला आणि पुढे गेले. प्रवासात मात्र आमचे दिवस त्या रकान्यानेच बांधले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे, विशेषतः आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी.

आम्ही सहा जण होतो. साताऱ्याहून आलेले आई-बाबा, आईची धाकटी बहीण म्हणजे माझी मावशी, मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहतो, त्यामुळे जहाज घरापासून तासाभराच्या अंतरावर. बाबांना वीस वर्षांचा मधुमेह, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. मावशी शाकाहारी, अंडंही खात नाही आणि सोमवार धरते. आई सगळं खाते, पण मिरची नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही म्हणते.

आधी दोन्ही पद्धती सांगते. मोठ्या जहाजाच्या मुख्य डायनिंग रूममध्ये ठरलेल्या वेळेची पद्धत म्हणजे दोन पंगती. पहिली साडेपाचच्या सुमारास, दुसरी पावणेआठ-आठला. टेबल तेच, शेजारीपाजारी तेच आणि वाढणारी माणसंही रोज तीच. दुसरी पद्धत मोकळी. साडेपाच ते नऊपर्यंत कधीही जा, रिकामं असेल ते टेबल मिळेल, वेटर रोज वेगळा. मेन्यू दोन्हीकडे सारखा आणि पैसेही तेवढेच. पूर्वी सगळीकडे पंगतीच असत, कारण जहाजावरचे सगळे प्रवासी एकदम बसतील एवढी जागाच नसायची. ‘नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ या कंपनीने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ नावाने मोकळी पद्धत आणली आणि पुढे बऱ्याच कंपन्यांनी दोन्ही पर्याय ठेवले. डिस्नेच्या जहाजांवर तिसराच प्रकार आहे: रेस्टॉरंट रोज बदलतं, पण तुमचे वेटर तुमच्याबरोबर फिरतात. ही कल्पना मला आता फार शहाणपणाची वाटते. का, ते पुढे येईलच.

आम्हाला खरं तर दुसरी पंगत हवी होती. एजंटने ती भरली असल्याचं सांगितलं आणि पहिली घेतली. दुसऱ्या पंगतीसाठी प्रतीक्षायादी असते, तिथे नाव टाकता येतं, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुम्ही जरूर विचारा.

शनिवारी दुपारी जहाज सुटलं आणि साडेपाचला आम्ही जेवायला बसलो. मागच्या बाजूला, खिडकीजवळ, सहा जणांचं गोल टेबल. वेटरने आमचं बोलणं ऐकलं आणि मराठीतच म्हणाला, “काकी, पाणी साधं देऊ की बर्फाचं?” मुलगा गोव्याचा, पेडण्याचा. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गोव्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं जहाजांवर कामाला जातात, त्यांना तिकडे तारवटी म्हणतात. हा त्याच्या घरातला तिसरा तारवटी.

त्याने पहिल्याच दिवशी बाबांच्या हातातलं इन्सुलिनचं पेन पाहिलं आणि हळूच विचारलं, “काकांना लगेच काहीतरी लागतं ना?” रविवारी आम्ही खुर्च्या ओढून बसतोय तोच बाबांच्या पुढ्यात सूप आणि पाव होता. जेवण संपताना त्याने मावशीला दुसऱ्या दिवशीचा मेन्यू आणून दाखवला. आतल्या भटारखान्यात भारतीय आचारी आहे, आदल्या रात्री सांगितलं तर फोडणीचं वरण, एखादी सुकी भाजी आणि पोळी करून देतो म्हणाला. आईसमोर एका छोट्या वाटीत उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, त्यावर मीठ आणि बाजूला लिंबाची फोड. न मागता. त्यानंतर आम्ही त्याच्याकडे बसलो त्या प्रत्येक रात्री ती वाटी आमच्याआधी टेबलावर हजर असायची.

साडेपाच ही आपली जेवायची वेळ नव्हे, हे खरं. पण जहाज घड्याळ एक तास मागे घेऊन अलास्काच्या वेळेवर जातं, म्हणजे पोटाच्या हिशोबाने ते सिअ‍ॅटलचे साडेसहा असतात. भारतातून थेट येऊन चढणाऱ्यांसाठी मात्र तेव्हा घरी सकाळचे सात वाजलेले असतात. आई-बाबा महिनाभर आधी आले होते म्हणून निभावलं. पाहुण्यांना विमानातून उतरवून दोन दिवसांत जहाजावर चढवू नका.

खरी अडचण सोमवारी आली. जूनोला जहाज दुपारी दीडच्या सुमारास लागलं आणि रात्री दहाला सुटणार होतं. देवमासे बघायची सहल तीनची. बसने ऑक बेपर्यंत अर्धा तास, मग बोट, परत अर्धा तास. शेपटी पाण्याबाहेर काढून बुडी मारणारे हंपबॅक आम्ही पाहिले, बाबा दोन्ही हातांनी कठडा धरून उभे होते. त्या तासाभराशी मी कुठल्याही जेवणाची बरोबरी करणार नाही. पण जहाजावर परतलो तेव्हा पावणेसात झाले होते आणि आमची पंगत उठली होती. बसायची वेळ झाली की पंधरा-वीस मिनिटांत दार बंद होतं, कारण दुसऱ्या पंगतीसाठी टेबलं मांडायची असतात.

मग वरच्या मजल्यावरचा बुफे. मावशीचा सोमवार. ती एरवी दिवेलागणीला सोडते, पण जूनमध्ये जूनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. “घड्याळ बघून सोडते,” म्हणाली, आणि भात, दही आणि केळं घेऊन खिडकीशी बसली. त्या दिवशीसाठी रविवारी सांगून ठेवलेलं तिचं वरण खाली गार होत होतं. मला फार वाईट वाटलं. सहल आणि पंगत एकमेकांवर येतात हे दोन्ही कागद शेजारी ठेवले असते तर घरीच दिसलं असतं.

मंगळवारी स्कॅग्वे. १८९८ साली सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांच्या धांदलीत जिचं काम सुरू झालं, त्या व्हाइट पासच्या अरुंद रुळांच्या गाडीत बसलो. बत्तीस किलोमीटरमध्ये ती जवळजवळ तीन हजार फूट चढते. निघण्याआधी सकाळी नवऱ्याने डायनिंग रूमच्या टेबलाशी जाऊन आमची पंगत रद्द करून मोकळी पद्धत मागून घेतली. दोन मिनिटांत झालं. आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

त्या संध्याकाळी सव्वासातला खाली गेलो तर दारापासून लिफ्टपर्यंत रांग. हातात पेजर दिला, टेबल मोकळं झालं की थरथरेल म्हणाले. दोघांची टेबलं पटापट मिळत होती. आम्ही सहा, आमचं अडलं. सवयीने बाबांनी खोलीतच इन्सुलिन घेतलं होतं. रांगेत पंचवीस मिनिटं झाली आणि माझ्या लक्षात आलं की ते बोलत नाहीयेत. कपाळावर घाम, पेजर धरलेला हात थरथरतोय, आणि क्षणभर मला वाटलं पेजरच वाजतोय. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी होती, ती तशीच तोंडात घातली. दारावरच्या मुलीने पळत जाऊन संत्र्याचा रस आणला आणि आम्हाला आत बसवलं. दहा मिनिटांत ते सावरले. पण ती दहा मिनिटं मी विसरणार नाही.

म्हणून हे ठळक सांगते. मोकळ्या पद्धतीत जाणार असाल आणि घरात कुणी जेवणाआधी इन्सुलिन घेत असेल, तर टेबलावर बसून अन्न समोर दिसेपर्यंत इंजेक्शन घेऊ नये. डोस आणि वेळ याबद्दल निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला, त्यांना सांगा की जेवण अर्धा-पाऊण तास पुढे-मागे होऊ शकतं. ग्लुकोज खोलीत नाही, अंगावर ठेवा. आणि दारावरच्या माणसाला आधीच सांगा, संकोच करू नका. ते अशा माणसाला रांगेत ताटकळत ठेवत नाहीत.

जेवणही त्या दिवशी नीट झालं नाही. नवा वेटर सज्जन होता, पण त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. शाकाहारी म्हटल्यावर मासे चालतील का, असं त्याने मावशीला दोनदा विचारलं. सुपात चिकनचं पाणी आहे का हे विचारायला तो आत गेला तो बराच वेळ आलाच नाही. (हे विचारायचंच. भाज्यांच्या सुपातही बऱ्याचदा असतं. गोडात जिलेटिन आहे का विचारा, ते प्राण्यांपासून काढतात.)

बुधवार ग्लेशियर बेचा. तिथे बंदर नाही, दिवसभर जहाज बर्फाच्या पाण्यातून हळूहळू फिरतं. राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं, तेव्हा डेकवर शेकडो माणसं असून कुणी बोलत नव्हतं. बर्फाचा कडा सुटला की आधी तो पडताना दिसतो आणि मग तोफ उडाल्यासारखा आवाज येतो. शाल गुंडाळून बसलेल्या आईने मध्येच विचारलं, “अगं, आपल्याला वेळ उशिराची आणि तो पेडण्याचा मुलगा, असं नाही का मागता येणार?”

दोन दिवस मी वेळेचा विचार करत होते, तिने माणसाचा केला. मी तशीच उठून हेड वेटरकडे गेले. त्याने टेबलांचा नकाशा पाहिला. पहिल्या दोन-तीन दिवसांत बरेच लोक आपली पद्धत बदलतात, काही वेगळ्या पैशांच्या रेस्टॉरंटकडे वळतात, त्यामुळे दुसऱ्या पंगतीत त्याच मुलाच्या हाताखालचं एक टेबल आता मोकळं होतं. पावणेआठची वेळ. त्या रात्री आम्ही बसलो तर मिरच्यांची वाटी आधीच होती. मावशीचं वरणही. त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं आम्ही परत येतोय म्हणून.

केचिकनला पाऊस होता, टोटेम खांब पाहून दुपारच्या आत परतलो. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

आता पुन्हा बुकिंग करायचं झालं तर मी असं करेन. आधी जहाजाचं वेळापत्रक कागदावर काढेन: कुठल्या बंदरात किती ते किती. सातपैकी दोनहून अधिक दिवस जहाज संध्याकाळी सहानंतरही बंदरात असेल तर पहिली पंगत घेणार नाही. दुसरी मिळाली तर तीच, नाहीतर प्रतीक्षायादी. दोन्ही नसेल तर मोकळी पद्धत, पण रोज एकाच वेळेचं आरक्षण, शक्य असेल तिथे कंपनीच्या ॲपवरून निघण्याआधीच. साडेसहा ते साडेसातच्या जागा सगळ्यात आधी जातात. आणि पहिल्या रात्री जो वेटर आवडेल त्याचंच टेबल उद्या द्या, असं जेवण संपताना हेड वेटरला सांगायचं. नेहमी जमतंच असं नाही, पण विचारणाऱ्याला बऱ्याचदा मिळतं. जैन जेवण किंवा कांदा-लसूण नको असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि पहिल्या दुपारी डायनिंग रूममध्ये जाऊन पुन्हा सांगा. लहान मुलं आठ वाजता टेबलावरच झोपतात, तशी मुलं असतील तर पहिली पंगतच बरी. फक्त एवढंच की बंदराच्या दिवशी सकाळच्या सहली घ्या.

दोघंच जोडीने जाणाऱ्यांनी यात इतकं अडकू नये. त्यांच्यासाठी मोकळी पद्धत सोयीची, रांगही छोटी लागते.

टिपबद्दल लोक विचारतात. बहुतेक कंपन्या माणशी रोज १६ ते २० डॉलरच्या आसपास टिप आपोआप खात्यात लावतात, पद्धत कुठलीही असो. आम्ही शेवटी पाकिटात वेगळे दिले, ते आमच्या इच्छेने.

सातव्या दिवशी कॅनडातलं व्हिक्टोरिया. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे, त्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतताना एखाद्या परदेशी बंदराला लागावंच लागतं. भारतीय पासपोर्टवर फिरायला आलेल्यांना त्या काही तासांसाठीही कॅनडाचा व्हिसा लागतो आणि अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. आई-बाबांचा आणि मावशीचा आम्ही चार महिने आधी टाकला होता. जहाज तिथे रात्री आठला लागणार होतं, म्हणजे दुसऱ्या पंगतीचे लोक घास तोंडात घेऊन पळणार. आमच्या पेडण्याच्या मुलाने गुरुवारीच सांगून ठेवलं, “उद्या साडेपाचला या, तुमचं जुनं टेबल त्या वेळी रिकामं आहे.”

त्या रात्री आई शेंगदाण्याच्या चटणीची बाटली घेऊन आली होती. साताऱ्याहून आणलेली, रोज टेबलावर यायची, अर्धी उरली होती. ती तिने त्याच्या हातात दिली. त्याचं आठ महिन्यांचं कंत्राट, त्यातले पाच झाले होते. त्याने झाकण उघडून वास घेतला, बाटली कोटाच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, “काकी, उद्या उतरायच्या आधी नाश्ता साडेसातपर्यंतच. वर बुफेला गर्दी असते, इथेच या. काकांचं सूप नाही, पण उपमा सांगून ठेवतो.”