नऊ जणांच्या १८० ओळी

आमच्याकडच्या एका दूध संस्थेची दर दहा दिवसांची बिलं मी काढते, डेटा एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये असतो आणि तो पॉवर क्वेरीने, म्हणजे एक्सेलमधल्याच डेटा आणायच्या साधनाने, एक्सेलमध्ये ओढायचा. गेल्या महिन्यात ११ तारखेला लोड मारलं तर ११,९६६ ओळी आल्या, सर्व्हरवर काउंट घेतला तर १२,१४६! बिलं दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत द्यायची होती, पोटात गोळाच आला.

आधी वाटलं प्रिव्ह्यू जुना असेल म्हणून रिफ्रेश केला, मग तक्ते एकमेकांना जोडणारा जॉइन तपासला, डुप्लिकेट बघितले, काहीच नाही. प्रिव्ह्यूमध्ये कॉलमवर एरर शून्य टक्के, सगळं हिरवंगार. मग फरकाकडेच नीट बघितलं, १८०. सकाळ-संध्याकाळ मिळून दहा दिवसांच्या एका उत्पादकाच्या वीस नोंदी होतात, म्हणजे बरोब्बर नऊ माणसं गायब! ओळी अशा तशा गळत नव्हत्या, अख्खी घरंच गळत होती.

खाली स्टेटस बारवर लिहिलेलं असतं की प्रोफाइलिंग, म्हणजे कॉलममधल्या एररची तपासणी, पहिल्या १००० ओळींवर आहे, ते कोणी वाचतच नाही. क्वेरी उत्पादकाच्या कोडनुसार (संस्थेने दिलेला क्रमांक) लावलेली, म्हणजे १००० ओळींत जेमतेम पन्नास उत्पादक दिसणार. तिथे क्लिक करून पूर्ण डेटा निवडला, तरी एरर शून्यच. मग उजवीकडच्या स्टेप एकेक मागे जात 'चेंज्ड टाइप'वर (कॉलम नंबर की टेक्स्ट हे ठरवणारी स्टेप) आले आणि कोडच्या कॉलमवर लाल पट्टी दिसली. कीप एरर्स केलं, म्हणजे फक्त एररच्या ओळी ठेवल्या, १८० ओळी, कोडच्या जागी एरर पण शेजारी नावं व्यवस्थित. दोन भाऊ वेगळे झाले की संस्था धाकट्याला ४१२ए असा कोड देते, आणि आधीच्या कोणीतरी कोडचा टाइप नंबर करून (त्यात 'ए' बसत नाही, एरर येते) पुढच्याच स्टेपला रिमूव्ह एरर्स, म्हणजे एररच्या ओळीच काढून टाकणं, लावून ठेवलेलं! मला हे फार लागलं, कारण एरर काढून टाकली की चूक तशीच राहते आणि माणूस मात्र हिशोबातून जातो.

कोड टेक्स्ट केला, दरपत्रक आणि नावांच्या यादीतला पण केला नाहीतर तक्ते एकमेकांना जुळतच नाहीत, रिमूव्ह एरर्सची स्टेप उडवली, परत लोड. १२,१४६.

सचिवांना फोन करून नऊ नावं वाचून दाखवली. "ताई, यातल्या चौघांची नवीन वाटणी याच महिन्यात झालीय, पहिलंच बिल आहे त्यांचं," ते म्हणाले. मग बाकीच्या पाच जणांची मागची बिलं काढायला बसले, रात्री साडेअकरापर्यंत.