पालथी पाटी आणि तीन वाद्ये
‘व्हायलंट फेम्स’ या अमेरिकी बँडला पंक (रॉक संगीताचा एक आक्रमक प्रकार) का म्हणतात, असा प्रश्न त्यांचा पहिला अल्बम ऐकताना मला बरेच दिवस पडत असे. पंक म्हटले की कानठळ्या बसवणारी इलेक्ट्रिक गिटार अपेक्षित असते. येथे मात्र साधी लाकडी गिटार, अकूस्टिक बास (विजेवाचून वाजणारी, खर्जातली गिटार) आणि ब्रशने वाजवलेला ड्रम, मुख्यतः एवढाच संसार आहे.

या आवाजाचे मूळ रस्त्यावर आहे. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात गायक गॉर्डन गॅनो, बासवादक ब्रायन रिची आणि ड्रमवादक व्हिक्टर डीलोरेंझो हे तिघे पदपथावर वाजवत असत, त्यामुळे उचलून नेता येईल आणि विजेवाचून वाजेल तेच वाद्य त्यांच्या उपयोगाचे होते. 23 ऑगस्ट 1981 रोजी ते शहरातील ओरिएंटल थिएटरबाहेर वाजवत असताना, त्याच रात्री तेथे कार्यक्रम असलेल्या ‘द प्रिटेंडर्स’ या रॉक बँडचे गिटारवादक जेम्स हनीमन-स्कॉट यांनी त्यांना ऐकले आणि त्या बँडच्या गायिका क्रिसी हाइंड यांनी त्यांना त्याच रंगमंचावर थोडा वेळ वाजवू दिले.

डीलोरेंझो यांच्या वडिलांनी उसन्या दिलेल्या दहा हजार डॉलरांतून ध्वनिमुद्रित झालेला, बँडच्याच नावाचा तो अल्बम 1983 मध्ये स्लॅश रेकॉर्ड्सने काढला. त्यातील बहुतेक गाणी गॅनो यांनी शाळकरी वयातच लिहिली होती, आणि त्यांच्या नाकातून येणाऱ्या, कधी कुरकुरणाऱ्या तर कधी एकदम फुटणाऱ्या स्वरात त्या वयाचा संताप जसाच्या तसा उतरला आहे. रिची यांचा बास ताल धरून मागे उभा राहत नाही, तर गिटारने घ्यायची जागा स्वतःच बळकावतो. माझ्या मते या बँडचे खरे प्रमुख वाद्य तेच आहे. डीलोरेंझो तर ड्रमवर पत्र्याची पाटी पालथी घालून तिच्यावर ब्रश चालवत, आणि या जुळणीला त्यांनी ‘ट्रान्साफोन’ असे भारदस्त नाव दिले होते! आवाज कमी असल्यामुळे मधली शांतता ऐकू येते, आणि गाणे अचानक उसळते तेव्हा दचकायला होते.

हा अल्बम दहा लाख प्रतींचा टप्पा गाठून प्लॅटिनम ठरला तो थेट 1991 मध्ये. बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचे चिरंजीव असलेल्या गॅनो यांनी 1984 च्या दुसऱ्या अल्बममध्ये भक्तिगीते आणि कंट्री संगीत आणले, तेव्हा पहिल्या अल्बमवर लुब्ध झालेले अनेक श्रोते गोंधळले. मला तो धीटपणा आवडतो, जरी मी पुन्हा पुन्हा लावतो तो पहिलाच.

पुढे वादक बदलले, एका गाण्याच्या जाहिरातीतील वापरावरून 2007 मध्ये रिची यांनी गॅनो यांच्यावर दावा लावला, 2009 मध्ये बँड मोडला आणि 2013 मध्ये पुन्हा उभा राहिला. पाटीची परंपरा मात्र सुटलेली नाही: 2016 पासून ड्रमवर असलेले जॉन स्पॅरो मंचावर चक्क बार्बेक्यूची शेगडी वाजवतात.