अक्वायर: सात नद्यांचा संच आणि रोकडीचं गणित

लातूरच्या गटासाठी हाताने करायला घेतलेला अक्वायर या बोर्डगेमचा संच आता खेळण्याजोगा झालाय. सिड सॅक्सन यांच्या १९६४च्या या खेळातल्या सात हॉटेल-साखळ्यांना आम्ही नद्यांची नावं दिली. स्वस्त तेरणा, बिंदुसरा. मधल्या दुधना, पूर्णा, सिंदफणा. महाग मांजरा, गोदावरी. पटावर एकमेकींना लागून ठेवलेल्या टाइल्सची साखळी बनते आणि खेळाडू तिचे शेअर घेतात.

उन्हाळ्यात पंखा बंद करता येत नाही आणि हलक्या टाइल्स पटावरून सरकतात. म्हणून पटावर २ मिमी ॲक्रिलिकची जाळी चिकटवली: १२ × ९ खण, खण २०.५ मिमी, टाइल २० मिमी, मधली पट्टी १.५ मिमी. १०८ टाइल्स ३ मिमी एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड), नेमप्लेटवाल्याकडून लेझरने कापून. सनबोर्ड मात्र लेझरखाली देऊ नका. ते पीव्हीसी, धूर विषारी, शिवाय मशीन गंजतं. नोटांऐवजी पोकरच्या चकत्या (चिप्स) वापरा.

खेळात सगळ्यांची गाडी अडते ती रोकडीवर. सुरुवातीला ६,००० मिळतात. ३०० च्या भावाने दर पाळीला तीन शेअर घेतले, तर सातव्या पाळीला तिसऱ्या शेअरचे पैसे उरत नाहीत. मधे शेअर विकता येत नाहीत. पैसा येतो फक्त विलीनीकरणातून, म्हणजे एखादी टाइल दोन साखळ्या जोडते आणि मोठी छोटीला गिळते तेव्हा: बुडालेल्या साखळीचे सर्वाधिक शेअर असणाऱ्या पहिल्या दोघांना बोनस मिळतो. ११ टाइल्सची साखळी सुरक्षित होते, तिला कुणी गिळत नाही, म्हणजे तिचा बोनस थेट शेवटी. त्यामुळे आधी शेजारच्या, गिळल्या जाणाऱ्या छोट्या साखळीत पहिला किंवा दुसरा नंबर धरा.

उदाहरणार्थ, ४ टाइल्सची दुधना बुडाली: भाव ५००, पहिल्याला ५,०००, दुसऱ्याला २,५००. पहिल्या नंबरासाठी दोघांत बरोबरी असेल तर ७,५०० चे दोन भाग, शंभरात वर नेऊन प्रत्येकी ३,८००. जोडणारी टाइल या चारात मोजायची नाही. नवे खेळाडू मोजतात आणि भाव ६०० होऊन बसतो.

दोनास एक बदली, म्हणजे बुडालेल्या साखळीचे दोन शेअर देऊन गिळणाऱ्या साखळीचा एक घेणं, डोळे झाकून करू नका. ३ टाइल्सच्या तेरणेचे दोन शेअर विकले तर ६००, बदलले तर १२ टाइल्सच्या गोदावरीचा ९०० चा एक. बदलाच, पण बँकेत गोदावरीचे शेअर उरलेत का ते आधी पाहा. प्रत्येक साखळीचे २५ च असतात. दुधनेचे दोन मात्र विकून १,००० येतात. हात रिकामा असेल तर तेच घ्या.

नवे खेळाडू असतील तेव्हा शेअर उघडे मांडा. झाकून खेळणं बोनसचा हिशेब सगळ्यांच्या तोंडी बसल्यावर.