बुटक्याची काठी किती लांब? साडेतीन महिन्यांच्या नोंदी

माझी उंची 5 फूट 3 इंच आहे आणि गेली तीन वर्षे मी बाजारात मिळतात त्या प्रमाण लांबीच्या क्लबांनीच (गोल्फच्या काठ्यांनी) खेळत होतो. जळगावात गोल्फचे मैदान नसल्यामुळे सगळा सराव मेहुण्याच्या वावरात, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्यावर, म्हणजे फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत चालतो. खरे खेळणे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा रात्रीच्या गाडीने पुण्याला जाऊन. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांनी माझे किती चेंडू गिळले, याचा हिशेब मी ठेवत नाही. बाकी सगळे हिशेब ठेवतो आणि यंदाचे सगळे हिशेब शाफ्टच्या, म्हणजे क्लबच्या दांड्याच्या, लांबीचे आहेत.

शंका यायला कारण झाले ते 3 वुडचे. माझा ड्रायव्हर (सर्वांत लांब फेकीचा क्लब) 45.5 इंचांचा आणि 3 वुड (त्याच्या खालोखाल फेकीचा) 43 इंचांचा आहे. बांधापासून विहिरीपर्यंतच्या दोनशे मीटरांच्या पट्ट्यात 3 वुडचे चेंडू सरळ जात आणि ड्रायव्हरच्या चेंडूंपेक्षा जेमतेम दहा-बारा पावले मागे पडत. ड्रायव्हरचे मात्र निम्मे चेंडू शेजारच्या केळीच्या बागेत शोधावे लागत. वावराची राखण करणारे आप्पा गोल्फ खेळत नाहीत, पण तीन वर्षे माझे चेंडू वेचत आहेत. त्यांनी एका सकाळी शांतपणे निदान केले, "भाऊ, हाई काठीच मोठी शे." पुण्यातल्या एका विक्रेत्याने याच तक्रारीवर मला सरळ स्त्रियांचा संच दाखवला होता. तो साधारण इंचभर आखूड असतो हे खरे, पण त्याचे शाफ्ट लवचीक असतात आणि डोकी, म्हणजे चेंडूवर आदळणारे भाग, हलकी असतात; म्हणजे एक दोष काढण्यासाठी दोन नवे दोष विकत घ्यायचे. आप्पांचे निदान मला अधिक नेमके वाटले.

इथे माझी पहिली चूक नोंदवून ठेवतो, कारण ती उत्साहाच्या भरात कोणाकडूनही होईल. मी ड्रायव्हरची ग्रिप (मुठीचे आवरण) काढली, शाफ्टला चिकटपट्टी गुंडाळली, तोंडाला मास्क लावला (ग्रॅफाइटची धूळ छातीत जाऊ देऊ नये) आणि बारीक दात्यांच्या हॅक्सॉने वरच्या टोकाकडून दीड इंच कापून 44 इंचांवर आणला. दुसऱ्या दिवशी तो हातात घेतला तर डोके जागेवर आहे की नाही, हेच कळेना. लांबी अर्धा इंच कमी झाली की स्विंगवेट (क्लब फिरवताना डोके किती जड भासते याचे माप) साधारण तीन अंकांनी उतरतो, या हिशेबाने दीड इंचाला नऊ अंक होतात. माझा ड्रायव्हर डी-3 वरून सी-4 वर आला होता (या मापात सी-9 च्या वर डी-0 येतो). शिवाय डोके हलके भासू लागले की तोच शाफ्ट अधिक ताठही वाटू लागतो. उपाय म्हणून डोक्याच्या तळाशी शिशाची पट्टी लावली. डोक्यात सुमारे दोन ग्रॅम वाढले की स्विंगवेट एक अंकाने चढतो. दोन ग्रॅम नेमके कसे मोजायचे, हा प्रश्न इतर गावी पडला असता. जळगावात तो पडत नाही. ओळखीच्या सराफाने सोन्याच्या काट्यावर पट्टीचे चार तुकडे प्रत्येकी दोन ग्रॅमचे करून दिले आणि वर "घडणावळ किती लावू?" असे विचारले. आठ ग्रॅमनी क्लब सी-8 पर्यंत आला. पूर्ण भरपाईला अठरा ग्रॅम लागले असते, पण माझ्या संथ स्विंगला सी-8 पुरतो असे आठवडाभरात दिसले, म्हणून तिथेच थांबलो. एक पथ्य लक्षात असू द्यावे: ही पट्टी फेरी सुरू होण्यापूर्वी लावलेली चालते, फेरी चालू असताना तिच्यात फेरफार करता येत नाही.

आयर्नच्या (धातूच्या पातळ डोक्याच्या, मधल्या फेकीच्या क्लबांच्या) वेळी मात्र करवत हातात घेण्यापूर्वी माप घेतले. केवळ उंचीवरून लांबी ठरवणे किती फसवे आहे, हे मला भुसावळच्या मित्रामुळे कळले. तोही 5 फूट 3 इंचांचाच. पण खेळायचे बूट घालून, हात सैल सोडून सरळ उभे राहिल्यावर मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर माझे 33 इंच भरले आणि त्याचे 31, कारण त्याचे हात लांब आहेत. प्रमाण लांबीसाठी हे अंतर साधारण 34 ते 36 इंच धरतात. म्हणजे मला अर्धा इंच कपात पुरेल आणि त्याला अधिक लागेल, असा अंदाज निघाला. एकाच उंचीच्या दोघांना एकच संच दिला असता तर एक जण वाकून आणि दुसरा ताठ उभा राहून खेळत बसला असता. माप घेताना मान खाली घालून स्वतःच फूटपट्टी वाचू नये. खांदा झुकतो आणि इंचभराची चूक सहज होते. दुसऱ्या माणसाने वाचावे.

माप हा केवळ अंदाज आहे, निकाल चेंडू देतो. माझा 7 आयर्न 37 इंचांचा होता. ग्रिपवर अर्ध्या-अर्ध्या इंचावर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या, फळीवर, म्हणजे डोक्याच्या चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूवर, टाल्कम पावडर भुरभुरली आणि पहाटे सहा ते साडेसात या वेळात प्रत्येक पकडीने चाळीस चेंडू मारले. पूर्ण लांबीवर चाळीसपैकी 17 चेंडू फळीच्या मध्यावर बसले, अर्धा इंच खाली धरल्यावर 27, एक इंच खाली धरल्यावर 25 आणि दीड इंचावर पुन्हा 18. दीड इंचाच्या वेळी मी चेंडूच्या डोक्यावरच मारत होतो आणि कंबर बोलू लागली होती. अर्धा आणि एक इंच यांतला फरक इतका किरकोळ आहे की मी कमी कपात निवडली, कारण कापलेले पुन्हा जोडायचे तर वरच्या टोकात जोडतुकडा बसवावा लागतो आणि तो मला मनापासून आवडत नाही. खाली धरून पाहण्याची ही चाचणी बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. हातापासून डोक्याचे अंतर तेवढेच राहत असल्यामुळे डोक्याचा हलकेपणा आधीच कळतो. फसवते ती जाडी. ग्रिप खाली निमुळती होत जाते, त्यामुळे तिथे धरल्यावर मनगटे जास्त वळतात आणि चेंडू डावीकडे ओढला जातो. हा दोष लांबीच्या माथी मारू नये, म्हणून मी एका ग्रिपखाली खालच्या भागात चिकटपट्टीचे दोन वेढे जास्त घालून चाचणी पुन्हा केली. मध्यावरचे आकडे तेवढेच आले, पण चेंडूंची दिशा सुधारली.

आता लायच्या कोनाविषयी, म्हणजे क्लब जमिनीवर टेकवल्यावर शाफ्ट जमिनीशी करतो त्या कोनाविषयी, ज्यासाठी ही नोंद लिहायला घेतली. कमी उंचीच्या खेळाडूचे हात जमिनीच्या जवळ असतात, त्यामुळे लांब क्लब धरला की त्याचा पुढचा भाग, म्हणजे टो, उचलला जातो आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जातो. म्हणून अशा खेळाडूला लाय सपाट (कोन कमी) करून घ्यायला सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण शाफ्ट कापला की हात त्याच उंचीवर असताना क्लब अधिक उभा धरला जातो आणि टो आपोआप खाली येतो. अर्ध्या इंचाला साधारण एक अंश असा ढोबळ हिशेब आहे. तेव्हा आधी लाय दोन अंश सपाट करून घेतला आणि मग लांबी कापली, तर पहिल्या दुरुस्तीतला एक अंश जास्तीचा ठरून चेंडू उजवीकडे जाऊ लागेल आणि दोष स्विंगचा समजून आपण महिनाभर स्विंग बदलत बसू. लांबी आधी पक्की करावी आणि लाय नंतर, याबाबत माझ्या मनात आता शंका नाही.

लाय तपासायला यंत्र लागत नाही. चेंडूच्या मागच्या बाजूला मार्करने जाड उभी रेघ काढायची, ती फळीकडे आणि सरळ उभी राहील असा चेंडू ठेवायचा आणि मारायचे. रेघेचा ठसा फळीवर उमटतो. ठसा खाचांशी काटकोनात आला तर लाय जुळला. त्याचा वरचा भाग टोच्या बाजूला कलला असेल तर क्लब गरजेपेक्षा उभा आहे, हीलच्या (शाफ्टजवळच्या) बाजूला कलला असेल तर सपाट. कापण्यापूर्वी माझा ठसा टोच्या बाजूला चांगलाच कललेला होता. अर्धा इंच कापल्यावर कल निम्मा राहिला. उरलेला एक अंश पुण्याच्या कारागिराने क्लब यंत्रात पकडून वाकवून दिला. डोकी ओतीव असतील तर आधी विचारून घ्यावे, कारण ती फार वाकवू गेल्यास तडकण्याची भीती असते.

बाकीच्या संचाचे थोडक्यात सांगतो. 5 ते 9 आयर्न सगळे अर्ध्या इंचाने कापले, म्हणजे एकमेकांतले अंतर कायम राहिले. वेज (जवळच्या, उंच फटक्यांचे क्लब) तसेच ठेवले. ते मुळातच आखूड असतात आणि त्यांचा ठसा सरळ उमटत होता. पटर (चेंडू खळग्यात ढकलण्याचा क्लब) 34 वरून 33 इंचांवर आणला, तेव्हा कुठे डोळे चेंडूच्या बरोबर वर आले. नियमांची अडचण आमच्यासारख्यांना येत नाही. पटर सोडून बाकी क्लबांसाठी कमाल मर्यादा 48 इंचांची आहे, ती 46 वर आणण्याची मुभा 2022 पासून स्पर्धा भरवणाऱ्यांना मिळाली आहे, आणि किमान मर्यादा 18 इंचांची आहे. लांबीची हाव ज्यांना आहे त्यांनी त्या 46 ची काळजी करावी. साडेपाच फुटांच्याही आतल्या इयान वूस्नम या वेल्श गोल्फपटूने 1991 साली मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली, एवढे मी आरशासमोर उभे राहून अधूनमधून आठवतो.

मेअखेरची स्थिती अशी: 7 आयर्नचे चाळीसपैकी 29 चेंडू मध्यावर, ड्रायव्हरची फेक पूर्वीपेक्षा चार-पाच पावले कमी, पण केळीच्या बागेत जाणारे चेंडू दहातून पाचऐवजी दोन. पारा 44 च्या पुढे गेल्यापासून शिशाच्या पट्टीचा गोंद सैल पडतो आहे, तेवढी एक दुरुस्ती बाकी आहे. भुसावळच्या मित्राचा 7 आयर्न अजून कापलेला नाही. त्याच्या चाळीस-चाळीस चेंडूंच्या चार पहाटा राहिल्या आहेत आणि मेहुण्याने बियाणे आणून ठेवले आहे. जूनमध्ये कपाशी लागली की हे वावर फेब्रुवारीपर्यंत आम्हाला बंद.